लहान खोलीचा मोठा कूलर

मुजम्मिलने टेपचं टोक खिडकीच्या गजाला अडकवलं आणि दुसरं ओढत तो भिंतीकडे निघाला, तर मध्ये खाट आडवी आली.

"बाई, खाट इथं काहून? मधल्या दाराले चिकटून? कूलर खिडकीत बसन, तुमाले हवा लागनच नाही."

"मले इथंच झोप लागते," गोदावरीबाई म्हणाल्या. "तू मोज ना बापा."

मुजम्मिल त्यांचा शाळेतला विद्यार्थी, म्हणून अजूनही 'बाई'. बडनेरा रस्त्यावर त्याचा कूलरचा कारखाना होता. कारखाना कसला, टिनाचं शेड! लेकीला आंदणात कूलर द्यायची खेड्यापाड्यांत रीत, म्हणून लग्नसराईत त्याच्या दारी ट्रॅक्टर उभे असायचे. पण कापसाने लागोपाठ दगा दिला, लग्नं लांबली, आणि आंदणासाठी बांधलेले मोठाले कूलर शेडमध्ये धूळ खात पडले. दुसरा कोणी असता तर त्यातला एक बाईंच्या गळ्यात मारून मोकळा झाला असता. पोरगा तसा नव्हता.

"लहान कूलर पुरून उरते इथं," तो टेप गुंडाळत म्हणाला. "फक्त हवेले बाहेर जायाले वाट पायजे, नाही त चिकचिक होते. हे मधलं दार उघडं ठेवा, झालं काम."

"दार बंदच राहील," समोरच्या खोलीतून आवाज आला. "आणि कूलर मोठा बसव. तुझ्याकडे सगळ्यात मोठा असेल तो."

हे बापूसाहेब. वकिली सोडली तरी घरातही ते कोर्टात उभं असल्यासारखे बोलायचे. अकोल्याच्या माहेराहून आलेली गोदावरीबाईंची वऱ्हाडी मात्र उभ्या संसारात त्यांना काही सुधारता आली नव्हती.

मुजम्मिल हसला. "काकाजी, मोठा बसवला त विमान उतरल्यावानी आवाज येईन. बाईंले शेजारचं माणूसही ऐकू यायचं नाही."

"चालेल."

गोदावरीबाईंनी चमकून मधल्या दाराकडे पाहिलं.

वकिलीतली शेवटची काही वर्षं बापूसाहेबांनी खेड्यांतल्या बायांची कामं घेतली होती. नवरा गेलेल्या, सरकारी मदतीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या बाया. बहुतेकींच्या हाती काही लागलं नाही. एके दिवशी बापूसाहेबांनी काळा कोट खुंटीला टांगला तो टांगलाच. त्याच उन्हाळ्यात त्यांनी आपलं अंथरूण समोरच्या खोलीत नेलं आणि मधल्या दाराला कडी घालून झोपू लागले. कारण विचारलं तर म्हणाले, पहाटे तुझी भजनं सुरू होतात.

तेव्हापासून बाईंची खाट दाराला लागली. झोपेत ते बोलायचे. कधी नुसतं कण्हायचे, कधी लहान पोरासारखे रडायचे. मग बाई हात लांब करून दारावर हळूच बांगडी वाजवायच्या. थोडा वेळ वाजवली की पलीकडे श्वास संथ व्हायचा. सकाळी त्या चकार शब्द काढत नसत. एवढा करारी माणूस, त्याला लाजवायचं कशाला? पण मोठा कूलर बसला तर कण्हणं ऐकू येणार नाही, आणि बांगडी तर नाहीच नाही. माणूस पलीकडे रडत राहील आणि आपण इकडे गार हवेत घोरत पडू, या विचारानेच त्यांना रडू येऊ लागलं.

"मोठा नको," त्या ओट्यावरून वळसा घालून समोरच्या खोलीच्या दारात जाऊन म्हणाल्या. "मले आवाज सहन होत नाही."

"होईल सवय."

"अहो, खोली केवढी, कूलर केवढा! लोकं हसतील."

"हसू देत."

"पण तुमाले एवढा हट्ट कायचा? झोपायचं मले हाय त्या खोलीत!"

"म्हणूनच!" बापूसाहेब ओरडले. "आवाज पाहिजेच! तुला काही ऐकू..."

बोलता बोलता ते थांबले आणि खिशात नसलेला चष्मा शोधू लागले.

मुजम्मिलला काय समजलं कोण जाणे. "मी बाहेरून पाहून येतो. खिडकीले आधार द्या लागन," असं काहीतरी पुटपुटत तो ओट्यावर सटकला.

बाई बापूसाहेबांच्या खुर्चीजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"म्हणजे म्या ऐकू नये म्हणून?"

बापूसाहेबांनी पुन्हा खिसा चाचपला.

"मले सगळं ऐकू येते. 'साहेब, एक तारीख द्या. बाई फार लांबून आली आहे.' रोज तेच म्हणता."

"रोज?"

"लय येळा."

बापूसाहेब बंद दाराकडे पाहत म्हणाले, "एक बांगडी वाजते. मला वाटायचं, ती स्वप्नातच वाजते. कोर्टात कोणीतरी बाई आली, तारीख मिळाली तिला."

गोदावरीबाईंनी पदर तोंडाला लावला. मग चहाचं आधण ठेवते म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे आधण न ठेवताच उभ्या राहिल्या.

थोड्या वेळाने कडी निघाल्याचा आवाज आला. मागोमाग फरशीवर काहीतरी घासत जायला लागलं. त्या धावत आल्या, तर बापूसाहेबांनी एकट्याने आपली खाट ओढत मधल्या दारापर्यंत आणलेली. गादी, उशी, सगळं वर तसंच. आणि खाट चौकटीत घट्ट अडकून बसली होती, ना इकडे ना तिकडे.

"मुजम्मिल!" ते घामाघूम होऊन ओरडले. "इकडे ये जरा. आणि लहानच कूलर बसव!"

मुजम्मिल आत आला. अडकलेली खाट त्याने पाहिली, बाईंकडे पाहिलं आणि टेप खिशातून पुन्हा बाहेर काढला.

"आता काय मोजतोस?" बापूसाहेब खेकसले. "सगळी खोली मोजलीस, दार मोजलं नाहीस! धर तिकडून."

"तिरपी करा," गोदावरीबाई म्हणाल्या आणि त्यांनीही खाटेचा एक पाय धरला.