आवेजचा नारळ

आपल्या वाडीच्या क्रिकेट स्पर्धेला चेंडू कमी आणि नारळ जास्त लागतात, असं लालमहंमद दर वर्षी करवादून म्हणायचा. कांदा काढलेल्या वावरात मांडव घातला की सत्कार सुरू. वावर दिलं, त्याला शाल-नारळ. पाण्याचा टँकर दिला, त्याला शाल-नारळ. सोनईचा कुणी बडा माणूस नुसता रस्त्यानं चालला असला, तरी त्याला आडवं जाऊन शाल-नारळ! भोंग्यावर बसणारा गोरक्ष हातात येईल ती चिठ्ठी बघून पुकारायचा. चिठ्ठीवर नाव आणि पुढं 'नारळ', एवढंच असायचं. बाकीचं कौतुक तो पदरचं घालायचा.

लालमहंमदचं शिवणकामाचं दुकान, आणि वीस वर्षं तो या स्पर्धेचा मुख्य पंच. यंदा गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून त्यानं भागिरथीच्या प्रशांतला गळ घातली. "तूच उभा राहा रे. तुझी नजर चांगली, अन् तू कुणाच्या बापाला भीत न्हाईस."

"चाचा, माझी पोलीस भरती वीस दिवसांवर आलीय," प्रशांत म्हणाला होता. रोज पहाटे पळायचं, गोळा फेकायचा, हाच त्याचा दोन वर्षांचा नेम. पण लालमहंमदनं ऐकलं नाही. पंचाला असं काय होणार होतं?

झालं ते असं. काल सेमीफायनलला प्रशांतनं एका फलंदाजाला रनआउट दिलं. फलंदाज कोण, तर लालमहंमदचाच थोरला, आवेज. आवेजनं स्टंप उपटला आणि प्रशांतच्या उजव्या मनगटावर हाणला. हाड मोडलं. प्लास्टर सहा आठवड्यांचं. आता गोळा काय डाव्या हातानं फेकायचा?

संध्याकाळी लालमहंमद खाली मान घालून भागिरथीच्या दारात गेला. ती रडली नाही, ओरडली नाही.

"भाई, तुमच्या तोंडाकडं बघून मी पोलिसात गेले न्हाई. पर ज्या भोंग्यावरून दिसभर त्याच्या सिक्सांचं कवतिक ऐकलं, त्याच भोंग्यावरून त्याला काढल्याचं मला हितं चुलीपुढं ऐकू आलं पायजे. उद्या फायनलच्या आधी. न्हाई आलं, तर मी तालुक्याची एसटी धरते."

"येईल ऐकू," लालमहंमद म्हणाला. शब्द देऊन बसला.

सकाळी मांडवामागं कमिटी बसली. अध्यक्ष जालिंदर, कांद्याचा व्यापारी. भांडण दिसलं की त्यावर पाणी ओतायचं, हाच त्याचा स्वभाव.

"पोरगं रागीट हाय, पर मनानं वाईट न्हाई," जालिंदर म्हणाला. "आज त्याच्याबिगर फायनल जिंकतोय व्हय आपण? फायनल होऊ द्या, मग काढू त्याला."

"फायनल झाल्यावर कशातून काढणार, अध्यक्ष? मांडवातून?" लालमहंमदनं विचारलं.

"मागल्या साली त्यानं बॉलरची कॉलर धरली, तवा तुमीच म्हनलात ना, जाऊ द्या, लेकरू हाय?"

लेकरू! चोवीस वर्षांचं लेकरू! लालमहंमदला स्वतःचाच इतका संताप आला, की त्यानं हातातला चहाचा कप खाली आदळला. तेव्हाच कान पिळला असता, तर आज प्रशांतचा हात शाबूत असता.

"व्हय, मीच म्हनलो. मीच त्याला माफ केलं अन् मीच प्रशांतला उभा केला. दोन्ही चुका माझ्याच. आता गप ऐका. दोन वर्षं बंदी. आजपासून. पटत नसंल तर दुसरा पंच बघा, अन् भागिरथीला तोंडबी तुमीच दाखवा."

जालिंदरनं नाइलाजानं मान डोलावली. ठरलं.

गोरक्षला चिठ्ठी पाठवायची होती. लालमहंमदनं पेन काढलं. 'आवेज' लिहिलं, आणि पुढं पेन चालेना. 'दोन वर्षं बंदी' ही अक्षरं पोटच्या पोराच्या नावापुढं उमटेनात. शेवटी त्यानं पळवाट काढली. चिठ्ठी एवढीच केली : 'आवेज लालमहंमद - नारळ. लगेच.' कामावरून काढलं म्हणजे नारळ दिला, हे शेंबड्या पोरालाही कळतं. गोरक्षला कळणार नाही?

तो पाण्याच्या पिंपाशी तोंडावर पाणी मारत होता, तेवढ्यात भोंगा खरखरला.

"मंडळी! कालच्या तडाखेबंद खेळीबद्दल आपल्या वाडीची शान, आपला ढाण्या वाघ, आवेज लालमहंमद यांचा सत्कार होत आहे! जोरदार टाळ्या!"

"या अल्ला!" लालमहंमद गुडघे विसरून धावला. धावताना त्याच्या डोळ्यांपुढं एकच चित्र होतं : भागिरथी चुलीपुढं बसलीय आणि हे सगळं ऐकतेय.

स्टेजवर आवेजच्या खांद्यावर शाल पडली होती. घालणारा कोण? जालिंदर!

"अहो अध्यक्ष, आत्ता मीटिंगला तुमीच हुता ना?"

"गोरक्षनं हातात शाल दिली. सगळ्यांदेखत ती काय खाली टाकू व्हय?"

"अन् तू रे गोरक्ष?"

"चाचा, तुमचंच अक्षर हाय! नारळ म्हनून तुमीच लिवलंय!"

आवेज नारळ छातीशी धरून हसत होता. "अब्बा, बघितलं? लोकांनी माफ केलं मला."

लालमहंमदनं गोरक्षच्या हातातून माइक ओढून घेतला.

"शाल काढा त्याची," तो म्हणाला. "नारळ राहू द्या. नारळ त्याचाच हाय."

टाळ्या थांबल्या. आता मात्र त्यानं एकही अक्षर गाळलं नाही. "ह्यो सत्काराचा नारळ न्हाई. आवेज लालमहंमद, माझा पोरगा, यानं काल पंचाचा हात मोडला. त्याला आजपासून दोन वर्षं खेळायला बंदी. प्रशांतच्या घरच्यांनी हे ऐकावं."

"अब्बा, सगळ्यांसमोर?"

"स्टंप सगळ्यांसमोरच मारलास ना?"

आवेज नारळ घेऊन गर्दीतून निघून गेला. फायनल वाडी हरली. त्याचं खापर लोकांनी लालमहंमदवर फोडलं, त्याला काय इलाज?

चारच्या सुमाराला तो भागिरथीकडं गेला. ती तांदूळ निवडत होती.

"ऐकलं, भाई. आधीचंबी ऐकलं, नंतरचंबी. आधीचं ऐकून मी चपला घातल्या हुत्या. नंतरचं ऐकून काढल्या."

प्रशांत खाटेवर प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसला होता. लालमहंमद त्याच्यापुढं उभा राहिला.

"चाचा," प्रशांत म्हणाला, "एक विचारू? तो आउट हुता ना?"

"हुता की! चांगला वीतभर बाहेर हुता. मी मांडवातून बघितलं."

"मग कालपासून हे एकानंबी मला सांगितलं न्हाई. सगळे म्हनत्यात, कशाला दिलास, त्याचा राग तुला म्हाईत न्हाई का. आईबी तेच म्हनली."

भागिरथीनं सुपात मान घातली. लालमहंमदला सगळं आठवलं. बंदी झाली, नारळ झाला, शाल झाली, पण ही एक गोष्ट कमिटीत नाही, भोंग्यावर नाही, कुणाच्याच तोंडून निघाली नव्हती. त्याच्याही नाही.

तो तसाच मागं फिरला. वावरात मांडव उतरत होता आणि गोरक्ष वायर गुंडाळत होता.

"सोड ती वायर. लाव परत."

"आता कुणासाठी, चाचा? समदे गेले."

"लाव म्हनतो ना!"

भोंगा खरखरला. लालमहंमदनं माइक तोंडाशी धरला.

"काल आवेज आउट हुता," तो म्हणाला. "पंचानं बरोबर दिलं."