वाणात गेलेली मशीन

जानेफळच्या आमच्या महिला मंडळानं वर्षभर मूठमूठ ज्वारी जमवली. स्वयंपाकाला दाणे काढताना एक मूठ मंडळाच्या गाडग्यात टाकायची आणि बाजाराच्या दिवशी सगळी गाडगी एकत्र करून विकायची. मूठ सगळ्या बायकांची सारखीच, असं मंडळाचं गणित. मी चिटणीस, गाडगी माझ्यापुढे उपडी व्हायची, म्हणून सांगते: जमीन जितकी मोठी तितकी मूठ लहान. अध्यक्षा अन्नपूर्णाबाई, म्हणजे ऐंशी एकरवाल्या भगवंतरावांच्या घरच्या. त्यांची मूठ चिमणीच्या चोचीएवढी. सगळ्यात भरलेलं गाडगं असायचं सत्यभामाबाईचं.

आणि हे सगळं चाललं होतं सत्यभामाबाईसाठीच. जिला द्यायचं तिच्याकडूनही आम्ही वर्षभर घेत होतो. 'तू नको टाकू गं' असं एकीच्याही तोंडून निघालं नाही. माझ्याही नाही.

सत्यभामाबाईचा नवरा विहिरीच्या कामावर असताना वारला. मागे दोन मुली. ती दोन महिने शेगावला भावाकडे राहून शिवणकाम शिकून आली होती. उन्हाळ्यात निंदण-खुरपण नसतं तेव्हा चूल कशावर पेटवायची, हा तिचा प्रश्न, आणि शिलाई मशीन हे त्याचं उत्तर. गावातल्या पन्नास घरच्या पोलक्यांना माप द्यायला तेव्हा मेहकर गाठावं लागे. एक मशीन घरात आली की तिघींचं पोट चालणार होतं.

महाराष्ट्र होऊन चौथं वर्ष. पंचायत समित्या नव्या नव्या, साहेब नवे, त्यांच्या जीपगाड्याही नव्या. पौषात मशीन आली आणि अन्नपूर्णाबाईंनी ठरवलं, आपल्या वाड्यातल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवालाच ती द्यायची. बीडीओ साहेबांच्या बाई येणार, मेहकरचा फोटोवाला येणार.

निराधार बाईला द्यायची वस्तू हळदीकुंकवात! कुणाच्याच डोक्यात उजेड पडला नाही. पडला तो हळदीकुंकवाच्याच दिवशी सकाळी, पुष्पाबाईच्या डोक्यात. या पुष्पाबाई एकादशीला दुसऱ्यांच्या घरी कोण काय खातं यावर नजर ठेवणाऱ्या.

"अवं माय, सत्यभामा पाटावर बसंल कशी? संक्रांतीचं वाण हाय हे."

अन्नपूर्णाबाईंनी कपाळावर हात मारला. सत्यभामाबाई तेव्हा तिथंच, सोप्यात, मशीनपुढे बसली होती. ती नीट चालते की नाही पाहायला तिलाच बोलावलं होतं. तिनं तेल घातलं, दोरा ओवला, एका चिंधीवर सरळ टीप मारून दाखवली. बोलणं तिच्या कानावर गेलं. तिनं चिंधी घडी करून मशीनखाली ठेवली आणि उठली.

"मी मांगं बसतो, बाई. देनं झालं की सांगा."

"हाव, बस मांगं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "फोटोपुरतं कोनाले तरी देऊ. मंग तूच ने."

कोणाला? घरात सून होती ना, आशाबाई. जिला सुईत दोरा ओवता येत नाही, पण कपाळ भरलेलं. तिला हिरवं लुगडं नेसवून पाटावर बसवली. मशीनपुढे पंचपाळं आणून ठेवलं आणि अन्नपूर्णाबाई मला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, मशीनले लावा वं हळदकुंकू. तुमचा हात शुभ हाय."

मी लावलं. काळ्या लोखंडावर पिवळं आणि लाल बोट छान उठून दिसलं, असं तेव्हा मनातही आलं. साहेबांच्या बाईंनी मशीनवर तिळगूळ ठेवला, आशाबाईची ओटी भरली, फोटोवाल्यानं दोनदा 'हला नका' म्हटलं. निराधार भगिनींबद्दल भाषण झालं. निराधार भगिनी गोठ्याच्या भिंतीआड बसून ते ऐकत होती. तिला तिळगूळ मागच्या दारानं पाठवला, वर पानही झाकून.

तिसऱ्या दिवशी सत्यभामाबाई शेजारच्या कचरूचं छकडं मागून घेऊन मशीन न्यायला आली. खाली अंथरायला तिनं गोधडी आणली होती, लोखंडाला हिसके बसू नयेत म्हणून. मी तिथंच होते, समितीला धाडायचा अहवाल लिहीत.

अन्नपूर्णाबाई ओट्यावरून उठल्याही नाहीत.

"अवं, तू आली खरी. पन आता कशी देऊ? कुंकू लागलं तिले. सुनेच्या ओटीतलं वाण हाय ते. सवाष्णीचं वाण काढून तुह्या घरी धाडू? उद्या माह्या पोराले काही झालं तं?"

"बाई, ते तं फोटोपुरतं होतं."

"होतं. पन देवाले फोटो समजते का?"

शेजारी बसलेल्या पुष्पाबाईंनी मान डोलावली. "वाण परतवत नाईत, सत्यभामा. तूच विचार कर. तुले तरी असं घेतलेलं पचंल का?"

पाप तिच्याच पदरात टाकण्याची ही हातोटी! मी अहवालाची पुढची ओळ लिहायला घेतली. माझ्या नवऱ्याच्या बदलीचा कागद भगवंतरावांच्या शब्दावर अडकला होता. माझ्या मुठीचं मापही तेवढंच, हे इथं नोंदवून ठेवते.

अन्नपूर्णाबाईंनी तोडही काढली. "तू काऊन रडतं? दुपारी येत जाय, मांगच्या दारानं. इथंच शिव. लोकाइचं शिवशील ते तुहं. आमच्या घरचं तेवढं तसंच शिवून देजो. मशीन आमची झिजंल ना."

सत्यभामाबाई रडत नव्हती. तिनं गोधडीची घडी केली, खांद्यावर टाकली आणि रिकामं छकडं परत नेलं.

चार दिवस ती आली नाही. इकडे अन्नपूर्णाबाईंच्या लेकीचं लग्न महिन्यावर आलेलं, पोलकी बेतायची बाकी. त्यांनी मला पिटाळलं. "तुमचं ऐकते ते. समजावा."

गेले. दारात ती अंबाडी निवडत होती, दोघी मुली देठं वेचत होत्या. मी काय समजावणार? 'मशीन तर गावातच आहे ना,' असलं काहीतरी पुटपुटले. ते वाक्य माझ्याच तोंडात शिळं झालं.

"येतो, बाई," ती म्हणाली. "न येऊन काय करू? मांगचं दार तं मांगचं दार." मग हात थांबवून तिनं विचारलं, "एक सांगा. मशीनले कुंकू कोनं लावलं होतं?"

खोटं बोलता आलं असतं. साहेबांच्या बाईंचं नाव सांगितलं असतं तर जीपच्या धुळीत विरून गेलं असतं. पण ती सरळ डोळ्यांत पाहत होती.

"मी."

तिनं थोडा वेळ माझ्या हातांकडे पाहिलं.

"बरं झालं सांगतलं. मी उगाच अन्नपूर्णाबाईले शिव्या देऊन राह्यली होती."

आणि ती पुन्हा अंबाडी निवडू लागली. मोठ्या मुलीनं मला बसायला पोतं टाकलं होतं, ते तिनंच हळूच ओढून घेतलं.