सीटखालची स्प्रिंग

निवृत्त झालेला नवरा घरात नेमका कुठे ठेवायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. व्हर्लिनने आयुष्यभर चीजच्या कारखान्यात काम केलं. पहाटे जायचा, दुपारी यायचा, अंगाला आंबट वास, जेवला की खुर्चीत पेंगायचा. त्या नवऱ्याची मला सवय होती. मग कारखान्याने केक कापून त्याला घरी पाठवलं, आणि पहिल्याच आठवड्यात त्याने माझ्या मसाल्याच्या बाटल्या अक्षरांच्या क्रमाने लावून ठेवल्या. मी म्हटलं, "घराबाहेर काहीतरी शोध, नाहीतर मी तुझ्यासाठी दुसरं घर शोधते."

त्याने मोवर शोधला. कुणाच्या तरी शेतावरच्या लिलावातला, बसून चालवायचा, गवत कापायचा जुना मोवर. गंजलेला, सीट फाटलेली. त्याच्यामागून दुसरा आला, मग तिसरा. गॅरेजमध्ये गाडीला जागा उरली नाही आणि माझी गाडी विस्कॉन्सिनचा अख्खा हिवाळा बर्फात उभी राहिली.

शिकवायला नॉर्ब यायचा. आमच्याच रस्त्यावर राहतो, तरुणपणापासून असली यंत्रं उघडतोय. उलट्या बादलीवर बसून बिअर प्यायची आणि हुकूम सोडायचे, ही त्याची शिकवण. व्हर्लिन पट्टा उलटा बसवायचा, बोटं सोलून घ्यायचा, जमिनीवर तेलाची तळी करायचा.

"अरे, ते इंजिन आहे, चीज नाही. मुरत ठेवून सुधारणार नाही," नॉर्ब म्हणायचा.

"तू गप बस. तुझी बिअर तेवढी मुरतेय इथे."

पण हळूहळू त्याला जमायला लागलं. जो पहिला मोवर धड चालला तो लाल रंगाचा, आणि तो त्याने मला दिला. आमच्याकडे गवत कापायचं काम पहिल्यापासून माझं. घरामागून ओढ्यापर्यंत उतार आहे, कापायला अर्धा दिवस जातो. मला ते आवडतं. त्या आवाजात कुणी हाक मारत नाही, आणि कुणी "आता बरं वाटतंय ना?" असं मान वाकडी करून विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पोटातली गाठ काढली. मग औषधं, सुया, त्या लांबलचक खुर्च्या. मग डॉक्टरांनी सांगितलं, सगळं गेलं, फक्त अधूनमधून तपासणीला या. यंदा एप्रिलमध्ये मी गाडी घेऊन निघाले, हॉस्पिटलच्या आवारात गाडी लावली, आतच बसून अर्धं सँडविच खाल्लं आणि परत आले. व्हर्लिनला सांगितलं, "सगळं स्वच्छ आहे म्हणाले." का केलं असं विचाराल, तर मी दमले होते. दुसरं कारण नाही. त्या सुयांना दमले होते, तिथल्या त्या गोड बोलणाऱ्या नर्स पोरींना तर फारच. पुन्हा एकदा ते सगळं सुरू करायचा जीव माझ्यात नव्हता, आणि व्हर्लिनला कळलं असतं तर त्याने मला उचलून नेलं असतं.

मे महिन्यात लाल मोवर रुसायला लागला. पाती सुरू करून निघावं, उतारावर जरा धक्का बसला की इंजिन बंद. जूनमध्ये तर पाती फिरायला लागायचा अवकाश, गप्प. आणि व्हर्लिन बसला की लोण्यासारखा चालायचा.

"तूच काहीतरी करतेस. लिव्हर झटक्यात सोडत असशील."

"तू कारखान्यात दही ढवळत होतास ना, तेव्हापासून चालवतेय मी मोवर. मला शिकवू नकोस."

त्याने प्लग बदलला, पेट्रोलची नळी बदलली, बॅटरीच्या वायरी घासल्या. कार्बोरेटर तर माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर, माझ्याच चांगल्या टॉवेलवर उघडून मांडला. सगळं पुन्हा जोडलं, मी बसले, मोवर बंद. त्याचा चेहरा पाहवेना. इतकं शिकून बायकोचा एक मोवर धड होत नाही म्हणून तो जेवताना बोलेनासा झाला.

ओढ्याकाठच्या झाडावर मी पाखरांना दाणे ठेवते. एकदा सूर्यफुलाच्या बियांची मोठी पिशवी मांडीवर घेऊन निघाले, म्हटलं जाता जाता जमेल तेवढं गवतही कापू. मोवर चालला. धक्के बसले तरी चालला. झाडाशी पिशवी उतरवली आणि पुन्हा बसले, तर बंद. पिशवी मांडीवर घेतली, चालू. खाली ठेवली, बंद.

सीटखाली एक स्विच असतो. वर कुणी बसलं की स्प्रिंगा दबतात आणि स्विच दाबला जातो. माणूस पडलं तर सीट वर येते आणि पाती थांबतात, नाहीतर पाय जायचा. या मोवरच्या हिशेबाने सीटवर कुणी बसलेलंच नव्हतं. जीन्सला मी पट्टा लावायला लागले होते आणि स्वतःला सांगत होते की कापड सैल झालंय. मी पिशवी उचलून परत मांडीवर घेतली.

घरी आले आणि मूग गिळून बसले. त्या दिवसापासून पिशवी मांडीवर घेतल्याशिवाय मी मोवरला हात लावला नाही. विचारलंच तर पाखरांचं निमित्त होतं. व्हर्लिनला वाटलं, कार्बोरेटर साफ केल्याचा गुण आला.

शुक्रवारी आम्ही सगळे नाक्यावरच्या बारमध्ये तळलेले मासे खायला जातो. तिथे त्याने प्रत्येक टेबलापाशी जाऊन सांगितलं, "केसाएवढं भोक होतं बघ कार्बोरेटरमध्ये, ते तुंबलेलं." लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. नॉर्ब मात्र आपल्या ग्लासात बघत बसला. मी माझे मासे कोबीच्या कोशिंबिरीखाली सारले. असा खुललेला नवरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आणि त्याच्या आनंदावर पाणी ओतायची हिंमत मला होईना. खरं सांगायचं तर ते मला सोयीचंही होतं.

जुलैत कधीतरी तळघरात गेले तर जड पाणी मऊ करायच्या यंत्रात घालायच्या मिठाच्या मोठ्या पिशव्या जागेवर नव्हत्या. गॅरेजमध्ये मोवरशेजारी पडलेल्या.

"मीठ इथे कशाला?"

"पाठ धरलीय. नेतो हळूहळू खाली."

मी सोडून दिलं. कुठल्याही गोष्टीची चौकशी करायचाच मला कंटाळा आला होता.

ऑगस्टच्या शेवटी मी झाडाशी उरलेल्या सगळ्या बिया ओतल्या, रिकामी पिशवी फांदीला अडकवली आणि निघाले. उतार चढून अर्ध्यावर आले. उंचवट्यावर चांगला दणका बसला. तेव्हा लक्षात आलं की मांडीवर काही नाही आणि पाती फिरतायत. मोवर बंद केला, उतरले, सीट उचलून बघितली. जुन्या गंजक्या जाड स्प्रिंगा तिथे नव्हत्या. दोन नव्या होत्या, चकचकीत आणि पातळ.

व्हर्लिन गॅरेजमध्ये कशाची तरी पाती घासत होता.

"स्प्रिंगा कधी बदलल्यास?"

तो फडक्याला हात पुसत राहिला. "जुलैत."

"तुझा तर कार्बोरेटर होता ना?"

"नॉर्बने आधीच सांगितलं होतं, स्विचचं लफडं असेल, वायर टाक आणि स्विच बाद करून मोकळा हो. त्याने स्वतःच्या सगळ्या मोवरना तेच केलंय. सगळेच करतात. मी स्विच तपासला. ठणठणीत होता गं." त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "मग तुला ती पिशवी मांडीवर घेऊन जाताना बघितलं. झाडाशी जाताना, आणि येतानाही."

"आणि तरी बारमध्ये फुशारक्या मारल्यास?"

"तू काही बोलेनास. मग मी काय बोलणार होतो?"

मला भांडायचं होतं, पण तेवढा दम नव्हता. मी नॉर्बच्या बादलीवर बसले. "मग वायरच टाकायचीस. एवढा खटाटोप कशाला?"

"आणि तू पडलीस तर?" त्याचा आवाज चढला. "तू पडलीस तर तो थांबायला हवा, लवॉन. तू बसलीस की चालायला हवा आणि पडलीस की थांबायला हवा. म्हणून मीठ ठेवून ठेवून बघितलं. दोन पिशव्या आणि वर थोडं."

"माझं वजन तुला कुणी सांगितलं?"

"रात्री तू माझ्या हातावर झोपतेस," तो म्हणाला.

मग त्याने फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यासमोर धरला. आत तसल्याच स्प्रिंगा होत्या, जाड, पातळ. त्याने सगळ्यात पातळ जोडी बाजूला काढली.

"नॉर्बने ह्याही दिल्यात. म्हणाला, पुढे लागतील. ह्या मी बसवणार नाही, सांगून ठेवतो. तू एप्रिलमध्ये तिथे गेली नव्हतीस, हो ना?"

मी हो म्हणून मान हलवली. उतारावर मोवर अर्ध्या कापलेल्या गवतात तसाच उभा होता.

"गवत राहिलंय," मी म्हटलं.

"राहू दे."

"फोन तू लाव मग. त्या पोरींशी गोड बोलणं माझ्याने होणार नाही."

तो हात न धुताच घरात गेला.