पंप बोलला नाही

दुसऱ्याने केलेलं वायरिंग उलगडणं म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या भांडणात पडणं. कोण कुणावर का रुसलंय ते बाहेरच्याला कळत नाही, आणि मध्ये बोट घातलं की झटका आपल्यालाच बसतो. मी लिफ्ट दुरुस्त करते, त्यामुळे झटके मला नवीन नाहीत. पण गाडीच्या तारांना मी आयुष्यात पहिल्यांदाच हात लावत होते, आणि ती गाडीही साधीसुधी नव्हती.

आमच्या कंपनीतल्या एका इंजिनिअरसाहेबांनी हौसेने किट कार मागवली होती. म्हणजे लोखंडी सांगाडा, फायबरची बॉडी, चाकं, स्टिअरिंग, सगळं सुटं सुटं येतं आणि आपण घरी बसून जोडायचं. इंजिन मात्र ज्याचं त्याने आणायचं, एखाद्या जुन्या नाहीतर ठोकलेल्या गाडीतून काढून. साहेबांची हौस सांगाडा उभा करण्यापुरतीच टिकली. मग त्यांची बदली झाली आणि ते धूड माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मीच ते गळ्यात पाडून घेतलं, कारण ठोकलेली गाडी आमच्या घरातच होती.

ती दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बसवर ड्रायव्हर होता, आणि कसला ड्रायव्हर! उभ्या प्रवाशाच्या हातातला चहा सांडू न देता वळण घ्यायचा. लहानपणी मी विजेच्या बोर्डात केसांची पिन घालून घरभर अंधार केला, तेव्हापासून तो मला ठिणगी म्हणतो. त्या अपघातानंतर मात्र त्याने स्टिअरिंगला हात लावला नाही. आता तो डेपोत एका खिडकीमागे बसून बाकीच्या ड्रायव्हरांना चाव्या देतो आणि संध्याकाळी पायी घरी येतो.

अपघात असा झाला. मागून एका ट्रकने धडक दिली, दादाची गाडी गर्रकन फिरली आणि रस्त्याच्या मधोमध आडवी उभी राहिली. इंजिन बंद पडलं. तोवर दादाला आणि शेजारी बसलेल्या वहिनीला साधं खरचटलंही नव्हतं. वहिनीच्या बाजूचं दार अडकलं होतं, म्हणजे गाडी बाजूला घेणं एवढंच हातात होतं. दादा चावी फिरवत राहिला. स्टार्टर फिरत होता, पण इंजिन काही पेटेना. "अहो, बाजूला घ्या, बाजूला घ्या!" वहिनी ओरडत होती, आणि तेवढ्यात समोरून आलेली दुसरी गाडी तिच्या दारावर आदळली. तिचा पाय असा मोडला की आता ती काठी घेऊन चालते. त्याच काठीने आम्हा सगळ्यांना हाकते, ते वेगळं.

दादाने दोष स्वतःच्या माथी मारून घेतला तो कायमचा. "माझ्या हातून गाडी सुरू झाली नाही असं कधी झालं नाही. नेमका त्या दिवशी मी गांगरलो. काहीतरी चुकलोच," एवढं एकदाच बोलला आणि मग त्याने त्या विषयावर ब्र काढला नाही. वहिनीने समजावून समजावून तोंड दुखवून घेतलं.

"माझं बोलणं त्यांना सांत्वन वाटतं गं," ती मला म्हणाली. "पाय माझा, माझी काही तक्रार नाही, आणि यांचा खटला आपला चालूच!"

म्हणून मी इंजिन मागितलं तेव्हा तिनेच ती चेपलेली गाडी मला देऊन टाकली. इंजिनाला ओरखडाही नव्हता. दादा हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. "कर काय करायचं ते. सुरू करायला मला बोलावू नकोस," एवढंच.

बंद पडलेल्या एका छापखान्यामागची शेड मला मिळाली होती. तिथे मी दादाच्या गाडीतला तारांचा जुडगा अख्खाच्या अख्खा काढून जमिनीवर पसरला. प्रत्येक तारेला कपड्यांचा चिमटा लावला आणि चिमट्यावर कुठून कुठे ते लिहिलं. वहिनीच्या दोरीवरचे कपडे त्या दिवसांत वाऱ्यावर उडत होते आणि ती माझ्या नावाने खडे फोडत होती. लिफ्टच्या कामात माझा एक नेम आहे: जे कळत नाही ते कापायचं नाही. त्यामुळे ज्या वस्तूंचा अर्थ लागला नाही त्याही मी पुसूनपासून नव्या गाडीत जशाच्या तशा बसवल्या. त्यात काडेपेटीएवढी, वर रबरी टोपी घातलेली एक काळी डबी होती. असेल काहीतरी, म्हणत मी ती इंजिनामागच्या भिंतीला दोन स्क्रूंनी छान सरळ ठोकून टाकली. सरळ बसली म्हणून स्वतःवर खूश पण झाले.

सगळं जोडून झालं आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. इंजिन सुरू झालं नाही तर फार तर माझी फजिती होईल. पण पहिल्याच फटक्यात सुरू झालं तर? तर दादा म्हणणार, बघा, इंजिन धडधाकट होतं, दोष माझ्याच हाताचा होता. म्हणजे त्याच्या खटल्याचा निकाल मीच त्याच्या हातात ठेवणार. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी वहिनीला सांगितलं.

"मग काय, सुरू होऊ नये म्हणून हात जोडू?" ती म्हणाली. "एवढे माझे चिमटे वापरलेस ते कशाला?"

सुट्टीच्या दिवशी दुपारी तिने दादाला शेडवर आणलं. पेट्रोलचा कॅन आपल्याला उचलवत नाही, असं कारण काढलं. दादाने कॅन आत ठेवला, गाडीकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि दाराशी स्टुलावर आमच्याकडे पाठ करून बसला. गाडी शेडच्या मधोमध अशी उभी होती की भिंतीकडच्या शेगडीपर्यंत जायचं तर अंग चोरून जावं लागायचं. वहिनीला काठी घेऊन ते जमायचं नाही, म्हणून ती अलीकडेच खुर्ची टाकून कुरकुरत बसली.

मी आधी चारही प्लग काढून ठेवले आणि नुसता स्टार्टर फिरवला, म्हणजे इतके महिने कोरडं पडलेल्या इंजिनात सगळीकडे तेल पोचेल. तेलाचा लाल दिवा विझला. मग प्लग बसवले, टाकीत पेट्रोल ओतलं, सीटवर बसले आणि जीव मुठीत धरून चावी फिरवली.

स्टार्टर फिरला. फिरतच राहिला. इंजिन पेटलं नाही.

तो आवाज ऐकून दादाची मान ताठ झाली. मला पाठीमागूनही ते दिसलं आणि माझी मलाच चीड आली. ज्या आवाजाने त्याची झोप उडवली तोच आवाज मी त्याला बोलावून ऐकवत होते. वहिनीने काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. मी घाईघाईने खाली उतरले, एक प्लग काढला, लोखंडाला टेकवून वहिनीला चावी फिरवायला लावली. निळी ठिणगी व्यवस्थित पडत होती. मग घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना. मी पुन्हा चावी फिरवणार, तेवढ्यात दाराकडून आवाज आला.

"पंप बोलला नाही."

दादा वळला नव्हता. रस्त्याकडे बघतच बोलला.

"काय?"

"चावी लावली की मागून बारीक घूं असा आवाज यायचा. स्टार्टर मारायच्या आधी. टाकीतला पंप. तो आला नाही."

पंप कोरडा चालवायचा नसतो म्हणून मी तेवढा एकच तपासायचा ठेवला होता. वीज असेल तिथे लागणारा तपासणीचा दिवा घेऊन मी तारेचा माग काढत निघाले. फ्यूज ठीक होता. पंपाला वीज सोडणारा रिले कट्‌ असा वाजत होता, त्याच्या पुढेही वीज होती. तिथून तार गेली होती थेट त्या काळ्या डबीत. डबीच्या एका बाजूला दिवा लागला. दुसऱ्या बाजूला लागला नाही.

मी रबरी टोपी वर केली. आत एक लाल बटण होतं, उडून वर आलेलं.

मी ते बघितलं आणि हातातला दिवा खाली ठेवला. असलं बटण माझ्या ओळखीचं होतं. लिफ्ट कधी भलत्या वेगाने खाली आली तर असाच एक स्विच उडतो आणि सगळं जागच्या जागी थांबतं. मग तुम्ही कितीही बटणं दाबा, लिफ्ट हलत नाही. माणसाने तिथवर जायचं आणि तो स्विच स्वतःच्या हाताने बसवायचा. हे काम मी इतक्या वेळा केलंय, आणि तरी गाडीतला तसलाच स्विच मी शोभेची वस्तू असल्यासारखा पुसून भिंतीला लावला होता! माझ्यासारखी शहाणी मीच.

"दादा, इकडे ये," मी म्हणाले.

"कशाला?"

"ये म्हणते ना! ट्रकने ठोकलं तेव्हा इंजिन लगेच बंद पडलं?"

तो वळला. या विषयावर आजवर कुणी त्याला असं तोंडावर विचारलं नव्हतं.

"लगेच."

"आणि मग स्टार्टर फिरत होता, पण इंजिन पेटत नव्हतं. अगदी आत्तासारखं?"

"अगदी आत्तासारखं," तो हळू म्हणाला.

"पंप बोलला होता?"

"हॉर्न किती वाजत होते, ठिणगे. ही ओरडत होती. मला कुठलं ऐकू येतंय."

मी त्याचा हात धरून त्याला त्या डबीपाशी आणलं. "हे बघ. गाडीला जोरात दणका बसला की हे बटण उडतं आणि पेट्रोल बंद करतं. आग लागू नये म्हणून. ट्रकने ठोकलं त्याच क्षणी हे उडालं. त्यानंतर तू चावी फिरवलीस काय, आणखी कुणी फिरवली काय, गाडी सुरू होणारच नव्हती. तेव्हापासून हे असंच आहे, दादा. मी तसंच उचलून इथे लावलं."

दादा त्या बटणाकडे बघत राहिला. मला वाटलं, आता तरी सुटेल. पण माणूस इतके दिवस स्वतःला टोचत राहिला की त्याला सवयच लागते.

"मग हे बटण मला माहीत असायला हवं होतं," तो म्हणाला. "गाडी माझी होती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात वहिनी खुर्चीतून उठली.

"वन्सं, ही डबी मूळ कुठे होती?"

"तुझ्याच बाजूला. पायाशी, आतल्या पॅनेलच्या मागे. काढताना मला मॅट फाडावी लागली."

"म्हणजे माझ्या पायाशी होती," वहिनी दादाच्या समोर येऊन उभी राहिली. "हाताच्या अंतरावर. आणि मला माहीत नव्हतं. मग आता माझ्यावर खटला चालवा! बसा, करा सुरुवात. मी गुन्हा कबूल करते."

वहिनीला दोष द्यायचा तर दादाला शब्द सापडेना, आणि तिला द्यायचा नाही तर स्वतःला कोणत्या तोंडाने देणार? त्याचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, रडतोय की काय. तर तो हसत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हसत होता. मग वहिनी हसली, आणि मला मात्र रडू फुटलं, कारण या घरात माझं वेळापत्रक नेहमीच उलटं असतं.

"दाब ते," मी नाक पुसत म्हणाले. "तूच दाब."

दादाने अंगठ्याने बटण दाबलं. टक्‌ असा आवाज झाला. मग तो गाडीच्या बाजूला आला, थोडा थांबला, आणि सीटवर बसला. पाय आपोआप क्लचवर गेला. त्याने चावी एक घर फिरवली.

मागून बारीक घूं असा आवाज आला.

दादाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने चावी पुढे फिरवली, आणि इंजिन एकदा शिंकलं, एकदा खोकलं आणि असं गरजलं की छापखान्याच्या छपरावरची कबुतरं उडाली. सायलेन्सर अजून बसवायचा होता. मग हळूहळू ते एका लयीत आलं. तेलाचा दिवा विझलेला, पाण्याची गळती नाही, कुठली तार तापलेली नाही. माझा जीव भांड्यात पडला, आणि तो किती दिवस अधांतरी होता ते मला तेव्हा कळलं.

दादा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला होता. वहिनी गाडीच्या नाकासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने काठी जमिनीवर आपटली. इंजिनाच्या आवाजावर आवाज काढून ती ओरडली:

"अहो, बाजूला घ्या! मला पलीकडे जायचंय."

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने गिअर टाकला, हँडब्रेक खाली केला, आरशात बघितलं. आरसा अजून बसवलेलाच नव्हता, तरी सवयीने बघितलं. गाडी इंचाइंचाने, कुणाच्या हातातला चहा सांडणार नाही अशी, मागे गेली आणि मागच्या भिंतीला लागून उभी राहिली.

"एवढं पुरे?" त्याने विचारलं.

"पुरे," वहिनी म्हणाली, आणि काठी टेकत मोकळ्या झालेल्या जागेतून शेगडीकडे गेली.