उजव्या चाकाची पिन

कळंबच्या फाट्यावर मोहनरावांचं गॅरेज होतं. इंजिनाला ते हात लावत नसत. स्टेअरिंग आणि सस्पेन्शन, एवढंच त्यांचं काम. गाडी एका अंगाला ओढायला लागली, खड्ड्यात खडखडायला लागली, की बारामतीपासून इंदापूरपर्यंतचे ड्रायव्हर त्यांच्याकडे येत. नुसतं चाक हलवून ते सांगत, कुठला बुश गेलाय आणि कुठला अजून वर्षभर चालेल. तीस वर्षांत त्यांच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी रणजित जीप घेऊन आला. गावातल्या आठ बायकांना तो रोज बारामती एमआयडीसीतल्या डाळिंबाच्या पॅकहाउसला सोडायचा आणि संध्याकाळी परत आणायचा.

"तात्या, स्टेअरिंग लई ढिलं झालंय. इकडं फिरवावं तर गाडी मागनं इचार करून वळती."

मोहनरावांनी गाडी घोडीवर घेतली. दोन्ही टाय रॉडचे एंड गेले होते. स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा दांडा तो टाय रॉड, आणि त्याचं टोक चाकाला जिथं जोडतात तिथला हा गोळ्याचा जोड. तो निसटला तर ड्रायव्हरच्या हातात नुसतं स्टेअरिंग राहतं. म्हणून तिथं नट आवळून त्यातनं एक पिन आरपार घालतात आणि तिची टोकं वाकवतात, म्हणजे नट फिरत नाही.

डाव्या चाकाचं काम झालं. उजव्याचा नट त्यांनी पिनेच्या भोकासमोर आणून ठेवला आणि डब्यात हात घातला. पिना संपल्या होत्या. वालचंदनगरला दुकानात मिळाल्या असत्या. पण तोवर चार वाजले होते आणि रणजित घाई करायला लागला होता. बायका पाचला सुटायच्या.

"उद्या अलाइनमेंटला आणनार हाईस न्हवं?" मोहनराव म्हणाले. "तवा पिन घालतो. आज जा तसाच. नट घट हाय."

नट घट्ट होता, पण पुरता आवळलेला नव्हता. हे त्यांना नंतर आठवलं.

शुक्रवारी रणजित आला नाही. शनिवारीही नाही. मोहनरावांनी पिनांचं पाकीट आणून ठेवलं होतं. फोन करावा असं दोनदा मनात आलं, आणि दोन्ही वेळा दुसरी गाडी दारात आली.

सोमवारी सकाळी सव्वासातला जीप कालव्यात गेली. सरळ रस्त्यावर, समोरून काही येत नसताना. पाच बायका जिवंत निघाल्या, दोघींचे हात मोडले होते. त्यांच्यातली पुढं बसलेली छकुली आणि रणजित बुडाले. राहिलेल्या दोघी त्या दिवशी कामाला गेल्याच नव्हत्या.

रणजितच्या मोबाइलवर सात वाजून बारा मिनिटांनी त्याच्या बायकोचा, स्वरूपाचा फोन आलेला होता आणि त्यानं तो उचलला होता. तेवढ्यावर सगळ्या गावाला कारण सापडलं. फोनवर बोलत होता, लक्ष नव्हतं, गेली गाडी. पोलिसांनी तसंच लिहिलं. चाकाचा जोड निखळलाय तो पडल्याच्या दणक्यानं, असं पंचनाम्यात आलं.

तिसऱ्या दिवशी मोहनराव चौकीच्या आवारात जाऊन जीप बघून आले. डावं चाक पार चेपलं होतं, पण त्याची पिन जागेवर होती. उजव्या जोडाला नट नव्हता. दणक्यानं तुटला असता तर आटे फाटले असते. आटे नवे कोरे होते. ते उकिडवे बसून बघत राहिले. हवालदारानं हटकलं तेव्हा उठले आणि घरी आले. जेवले नाहीत. बायकोनं, सरूबाईंनी विचारलं तर पोट दुखतंय म्हणाले.

पुढचे काही दिवस ते रोज गॅरेज उघडत होते. आलेल्या गाडीचा प्रत्येक नट तीन-तीनदा तपासत होते आणि गिऱ्हाईक वैतागत होतं.

एका दुपारी सरूबाई रणजितच्या घरी जाऊन आल्या आणि डोक्यावरचा पदर न काढताच खाली बसल्या.

"ती पोरगी फोनला हात लावत न्हाय वो. वाजला की कानावर हात ठिवती. म्हणती, म्याच मारलं. छकुलीची सासू कुशाबाई दारात येऊन शिव्या देऊन गेली, तर ही म्हणाली, आत्या, आजून द्या."

मोहनरावांनी तेव्हा बायकोला सगळं सांगितलं.

"मेलेलं माघारी येनार हाय का?" सरूबाई म्हणाल्या. "आपल्याला जेलात घालतील. गप ऱ्हावा."

"ती जित्ती हाय न्हवं," मोहनराव म्हणाले आणि चपला घालून निघाले.

स्वरूपा पडवीत बसली होती. तिचं पोरगं मांडीवर झोपलं होतं. मोहनराव उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि एका दमात बोलले. पिन, नट, गुरुवार, सगळं.

तिनं विचारलं, "मी फोन केला नसता तर?"

"तरी बी गेली असती. त्येच्या हातात काय ऱ्हायलंच नव्हतं, पोरी."

"तुमाला कवापास्नं ठावं हाय?"

"तिसऱ्या दिवसापास्नं."

"आज सोळावा." ती उठली. पोराला आत निजवलं आणि बाहेर आली. तिचा आवाज चढला नाही. "ह्या तेरा दिवसांत मी दोनदा हिरीवर जाऊन आले, तात्या. पोरगं रडलं म्हणून माघारी आले."

मोहनरावांनी हात जोडले.

"हात नका जोडू. चला. हे तिकडं सांगा."

ती पुढं, ते मागं, असे दोघं छकुलीच्या घरी गेले. तिचा नवरा बिरदेव दारात मुलीची वेणी घालत बसला होता. त्याला ती नीट जमत नव्हती. कुशाबाई आतून बाहेर आली आणि स्वरूपाला बघून तोंड उघडणार, तोच मोहनरावांनी बोलायला सुरुवात केली. त्यांचं झालं तरी बिरदेवच्या हातात वेणीची पेडं तशीच होती.

"पिना आणायला किती येळ लागला असता?" त्यानं विचारलं.

"अर्धा तास."

"अर्धा तास," बिरदेव म्हणाला. स्वरूपाशी कुणी बोललं नाही, आणि तीही कुणासाठी थांबली नाही. महिन्याच्या आत ती पोराला घेऊन सुप्याला माहेरी निघून गेली.

मोहनराव त्याच संध्याकाळी चौकीत गेले. जबाब लिहून द्यायला तीन तास लागले, कारण फौजदारानं दोनदा विचारलं, "तुमच्यावर कोणी दबाव आणलाय का?" जामीन झाला. गॅरेज त्यांनी पुन्हा उघडलं नाही. हत्यारं तशीच आत राहिली.

पुढच्या वर्षी इंदापूरच्या कोर्टात तारीख लागली. एसटीत गर्दी होती. मोहनराव आणि सरूबाई पुढं-मागं बसले आणि मोहनरावांच्या शेजारची एकच जागा राहिली. चढला तो बिरदेव. त्यानं सगळीकडं पाहिलं आणि तिथं बसला.

"वकील काय बी शिकवंल," बिरदेव समोर बघत म्हणाला. "फिरू नका."

"न्हाय फिरनार."

पुढच्या थांब्यावर जागा झाली तसा बिरदेव उठून मागं गेला.

वकिलानं खरंच शिकवलं होतं. जोड दणक्यानं निखळला असं पोलिसांनीच आधी लिहिलंय, तेवढं धरून राहा. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा मोहनराव म्हणाले, "गुन्हा कबूल हाय." त्यांना पुन्हा म्हणायला सांगितलं. त्यांनी पुन्हा म्हटलं.

एक वर्षाची शिक्षा झाली. निकाल वाचून संपायच्या आतच बिरदेव निघून गेला होता. पोलीस मोहनरावांना घेऊन गेले. सरूबाईंनी पिशवीतला डबा त्यांच्याकडं द्यायला हात पुढं केला, पण शिपायानं तो घेऊ दिला नाही. दुपारच्या एसटीनं त्या एकट्याच कळंबला परत आल्या.