एकीकडची धार

मास्तरांनी सुरी पात्याच्या बुडाशी एका बोटावर तोलून धरली. ती ना मुठीकडे झुकली, ना टोकाकडे.

"ही चांगली आहे," ते म्हणाले.

"बाबा, केवढी मोठी आहे ती! ही दातेरी बघा. हात कापायची भीती नाही."

"दातेरी पावाला. टोमॅटोचा चेंदामेंदा करते. शिवाय तिला घरी धार लावता येत नाही."

"तुम्ही कधी टोमॅटो चिरलात, ते तरी सांगा!" मुलगी म्हणाली. दुकानदाराने हसू आवरलं.

खोटं नव्हतं. मास्तरांचा जन्म कपडे बेतण्यात गेला होता. घरात नियमच होता, कात्रीला बायकोने हात लावायचा नाही आणि सुरीला मास्तरांनी. धार तेवढी मास्तर लावून द्यायचे. सुट्टीच्या दिवशी दगड भिजवायचा, सगळ्या कात्र्या घासायच्या आणि शेवटी सुरी.

बायको गेल्यावर मुलीने त्यांना आपल्याकडे आणलं. सातवा मजला. दार आपोआप बंद व्हायचं आणि बाहेरून उघडायचा आकडा मास्तरांच्या डोक्यात राहायचा नाही. म्हणजे खाली जायचं तर आधी सांगायचं. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की मुलगी विचारायची, "बाबा, काय हवंय?" जावई विचारायचा, "बाबा, काही देऊ का?" सगळे चांगले होते, हीच पंचाईत. वाईट असते तर भांडून तरी निघता आलं असतं. मास्तर दिवसभर खिडकीच्या गजांना धरून उभे राहायचे आणि खालच्या माणसांच्या शर्टांचे खांदे बघायचे.

घरी जातो म्हटलं की मुलीचा एकच प्रश्न असे, "खाणार काय?" शेवटी तिने अट घातली. एक भाजी स्वतः चिरून, शिजवून दाखवा, मग तिकडच्या घराची किल्ली देते. मास्तरांनी मुलीने तिकडून आणलेली बायकोचीच सुरी घेतली. ती सरळ जाईचना. दुसऱ्याच बटाट्याला अंगठा कापला. मुलीने पट्टी बांधली आणि किल्ली पर्समध्येच राहिली.

"सुरीच धड नाही," मास्तर म्हणाले होते. म्हणून आज दुकानात.

"मूठ आवळून बघा," दुकानदार म्हणाला. "पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं हवं, नाहीतर चार दिवसांत डुगडुगायला लागते. जुनी कसली होती?"

मास्तरांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली सुरी काढली. दुकानदाराने ती उजेडात धरली, अंगठा पात्यावरून आडवा फिरवला.

"ही कोणी घासली? एकाच बाजूने घासलीय. अशी धार कात्रीला लावतात, काका. सुरीला दोन्हीकडून लागते, नाहीतर बाजूला पळते. हिच्यावर कोणी चिरत असेल तर त्याने मनगट वाकडं करूनच चिरलं असणार."

मुलगी बरण्यांच्या फळीकडे बघू लागली. मास्तरांनी सुरी पुन्हा फडक्यात गुंडाळली. नीट जमेना, म्हणून दोनदा गुंडाळली.

"ती मोठी द्या," ते म्हणाले.

मुलीच्या घरी परत आल्यावर त्यांनी बटाटे चिरले. नवी सुरी लोण्यातून जावी तशी गेली. फूटपट्टी लावून बेतल्यासारखे काप पडले. भाजी शिजली, मीठही बरोबर लागलं.

"झालं?" मास्तर म्हणाले.

"थांबा, मला बघू दे तुमची सुरी." मुलीने टोमॅटो घेतला. फोड एकीकडे जाड, एकीकडे कागदासारखी पडली. दुसरीही तशीच. तिचं मनगट बाहेरच्या बाजूला वाकलेलं होतं.

मास्तर त्या मनगटाकडे बघत राहिले. बायको अशीच चिरायची. त्यांना वाटायचं, लकब आहे तिची.

"मनगट सरळ धर," ते म्हणाले.

"आईने असंच शिकवलंय." तिने नवी सुरी बाजूला सारली, फडकं सोडलं आणि जुनी घेतली. मनगट तसंच वाकडं. फोडी सरळ, एकसारख्या पडू लागल्या.

"तुला ठाऊक होतं?"

"एकदा धारवाला दारात आला होता. म्हणाला, बाई, ही चुकीची घासलीय, नीट करून देतो. आईने त्याच्या हातातून सुरी काढून घेतली. म्हणाली, आमच्या घरच्या धारेला नावं ठेवायची नाहीत." मुलगी हसली आणि मधेच थांबली.

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही विचारलंत कधी?"

मुलीने हात पुसले, पर्समधून किल्ली काढली आणि ओट्यावर ठेवली. तिचं बोट मात्र किल्लीवरच राहिलं.

"ठरल्याप्रमाणे," ती म्हणाली. "जेवा आणि मग जा." थोड्या वेळाने म्हणाली, "पण आईच्या सुरीची धार बोथट होत आलीय. तुम्ही गेल्यावर कोण लावणार?"

"दुकानदार लावून देईल. दोन्हीकडून."

"मला दोन्हीकडून नकोय."

मास्तरांनी किल्लीकडे पाहिलं, किल्लीवरच्या बोटाकडे पाहिलं. मग आतल्या खोलीत जाऊन कात्र्यांच्या डब्यातून दगड आणला आणि नळाखाली भिजवला.

जुनी सुरी त्यांनी दगडावर आडवी टेकवली आणि घासायला लागले. दुसरी बाजू त्यांनी दगडाला लागू दिली नाही.