दोन्ही काठांचा 'मी'

माइकच्या तोंडावरचा काळा स्पंज एका कडेने उसवला होता आणि त्या फटीतून आतली बारीक जाळी दिसत होती. ती तिकडेच बघत बोलत होती, कारण काचेपलीकडच्या लांब टेबलाकडे बघितलं की आवाजात राग उतरायचा, आणि दुभाषीच्या आवाजात राग असून चालत नाही — तो बोलणाऱ्याच्या नावावर जमा होतो. सकाळपासून ती 'मी आरोप करतो' म्हणाली होती आणि लगेच 'मी हा आरोप साफ फेटाळते' असंही म्हणाली होती. धंद्याचा नियमच तो. बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. 'ते असं म्हणताहेत' वगैरे या काचेच्या खोलीत चालत नाही. भांडण दोघांचं आणि घसा मात्र एकटीचा बसलेला.

भांडण एका झुडपाचं होतं. कुठल्याशा लांबच्या मुलखातून, बागेत शोभेला म्हणून आणलेलं, पांढऱ्या तुऱ्यांचं झुडूप. ते नदीच्या दोन्ही काठांवर असं माजलं होतं की गवताला उगवायला जागा उरली नव्हती, आणि तुरे उमलले की त्यांची पूड वाऱ्यावर उडून माणसांच्या छातीत जाऊन बसायची. एका काठाने उपटून उपयोग नाही, दुसऱ्या काठावरचं बी येतंच. तेव्हा दोन्ही काठांनी एकाच वेळी, फुलायच्या आत, ते मुळासकट काढायचं, एवढाच ठराव होता. एवढाच! आणि तो पहिल्या वाक्यावर अडला होता. इकडच्या सचिवांना 'ही वनस्पती पलीकडून आली' असं हवं होतं, तिकडच्या प्रमुख बाईंना नेमकं उलटं. इकडचे लोक त्या झुडपाला 'पलीकडची' म्हणतात. तिकडचेही, त्यांच्या भाषेत, 'पलीकडची'च म्हणतात. तो शब्द तिने आज इतक्यांदा या भाषेतून त्या भाषेत उलटासुलटा केला होता की आपण नक्की कुठल्या काठावर बसलो आहोत तेच तिला कळेनासं झालं होतं.

पलीकडची तर आईही होती... लग्न होऊन इकडे आलेली, आणि भाजीत मीठ जास्त पडलं की आजी म्हणायची, पलीकडचीला कुठला आलाय अंदाज! आईमुळेच तर दोन्ही भाषा घरात आल्या, आणि त्यांच्या जोरावर ही नोकरी. मघाशी सचिव छातीवर हात ठेवून म्हणाले होते, कुणीच परकं नसतं हो, आपण सगळेच या मातीचे पाहुणे, त्या बिचाऱ्या झाडाला सीमा काय ठाऊक! टाळ्या पडल्या. ते गोड शब्द तिलाही गोड आवाजात पलीकडे पोचवावे लागले, आणि जीभ भाजल्यासारखी झाली. माझ्या आईला जन्मभर परकी म्हणाले तेव्हा कुणाला असं भरून आलं नव्हतं, आणि आता या निर्लज्ज झुडपाला पाहुणा म्हणताय? घरातल्या माणसाचा श्वास कोंडणाऱ्या पाहुण्याला चहा विचारता तुम्ही?

सकाळी ताईचा फोन आला होता. ताई काठावरच्या गावात शाळेत शिकवते.

"कळ्या धरल्या गं त्या भवानीने," ताई म्हणाली, आणि थांबली. हल्ली दोन वाक्यांच्या मध्ये तिला थांबावंच लागतं. अजून एक फुलोरा या छातीला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

"तू माझ्याकडे ये बघू राहायला."

"आणि शाळेतली पोरं? त्यांना काय पदरात बांधून आणू?" पुन्हा थांबली. "आज ठरतंय ना तुमचं?"

"ठरतंय, ताई."

"तूच बोलणार आहेस ना तिथे? मग झालं तर."

तूच बोलणार... ताईला अजून वाटतं, बैठकीत मी बोलते. आणि मीही कधी तिचा गैरसमज दूर केला नाही. उलट बरं वाटायचं ऐकून. आता त्या 'मग झालं तर'ने जीव नुसता खात होता.

"माइक बंद कर जरा," शेजारच्या खुर्चीतला तिचा जोडीदार म्हणाला. न थांबता एकाच पट्टीत बोलतो म्हणून त्याला सगळे रेडिओ म्हणत. "किती कढ येतोय तुला! अगं, आपण नळ आहोत. पाणी गढूळ आलं म्हणून नळाने का वाईट वाटून घ्यायचं?"

"ते पाणी माझ्या बहिणीला प्यायचंय, रेडिओ."

तिने माइक पुन्हा चालू केला.

टेबलाशी सचिव खुर्चीत मागे रेलले होते. "हे बघा, पुढच्या बैठकीत घेऊ की हा विषय," ते हसत म्हणाले. "इतकी घाई कसली? झुडूपच आहे. पाय फुटून पळून जाणार आहे थोडंच!"

इकडची बाजू खळखळून हसली. पुढची बैठक फुलोरा ओसरल्यावर होती, आणि ते त्या हसणाऱ्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं. पलीकडच्यांनी कानातली यंत्रं घट्ट दाबली, हसायच्या तयारीने, तिची वाट बघत. विनोद तिच्या जिभेवर तयार होता, आईच्या भाषेत तर तो जास्तच खुलला असता — आणि तो बाहेर येईना. रेडिओने कोपर मारलं. काचेपलीकडचे चेहरे थांबलेले...

"मला घाई आहे," ती आईच्या भाषेत म्हणाली. "माझी बहीण काठावर राहते. तिला श्वास घेता येत नाही, आणि कळ्या धरल्या आहेत. अजून एक फुलोरा तिला झेपणार नाही. कुठून आलं ते राहू द्या, आधी उपटा."

रेडिओचा हात बटणापर्यंत आला आणि तिथेच राहिला.

पलीकडच्या बाई सचिवांकडे बघत राहिल्या. सचिव अजून हसतच होते. आपल्या नावावर पलीकडे काय ऐकू गेलं, याचा त्यांना पत्ताही नव्हता. बाईंचा सकाळपासूनचा ताठ चेहरा हळूहळू सैल झाला. मग त्या बोलल्या, आणि ते तिच्या कानात आलं. आता ते इकडे पोचवणंही तिच्याच गळ्यात. 'आम्ही विचार करू' असं काहीतरी गुळमुळीत म्हणून वेळ मारून नेता आली असती, नोकरीही वाचली असती. पण मग त्या बाईंचं बोलणंही आपण गिळलं असं झालं असतं, आणि आज पुरे झालं होतं गिळून.

"मला हे माहीत नव्हतं," ती इकडच्या भाषेत म्हणाली, शब्दाला शब्द लावून. "तुमच्या बहिणीचं ऐकून वाईट वाटलं. आमच्याकडेही घरोघरी हेच आहे. ते पहिलं वाक्य मी सोडते. तुम्ही सोडता?"

सचिवांचं हसू ओठांवरच राहिलं. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि मग सरळ काचेच्या खोलीकडे.

"कुणाची बहीण?" ते माइकमध्येच म्हणाले.

तिचा राग गेला नव्हता. फक्त सकाळपासून तो दुसऱ्यांच्या भांडणात लपून होता, तो आता उघड्यावर येऊन उभा होता, आणि त्याची तिला लाज वाटत नव्हती. पलीकडच्या बाई कानाशी हात धरून वाट बघत होत्या, इकडचे सगळे माना वळवून बघत होते, आणि 'माझी' हा शब्द आधी कुठल्या भाषेत म्हणायचा ते तिला ठरवता येत नव्हतं.